मारत नाही ना, मग अडचण काय?

गेली दोन-तीन वर्षं वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत आणि लग्नाच्या पंगतींत वैवाहिक छळावर जो वाद चाललाय, तो ऐकताना एक गोष्ट खटकते. भांडणारे दोघंही एकच चूक करताहेत. एक बाजू म्हणते, हल्ली कशालाही छळ म्हणतात. नवरा दिवसभर घुम्यासारखा बसला की ‘टॉक्सिक’, सासूने आमटीला नावं ठेवली की ‘ट्रॉमा’. दुसरी बाजू मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओतून निकाल देते: तो ओरडला? बॅग भर आणि नीघ. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८अ या, विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाबद्दलच्या फौजदारी कलमाच्या गैरवापराबद्दल कडक शब्द वापरले, तेव्हापासून पहिल्या बाजूचा आवाज वाढलाय, आणि एखाद्या सुनेच्या मृत्यूची बातमी आली की दुसरीचा. पण दोघंही करतात काय, तर एक घटना उचलतात आणि ती पुरेशी वाईट आहे की नाही यावर हुज्जत घालतात. हळूहळू मुरत जाणारा मानसिक छळ सुट्या घटनेत सापडतच नाही. तो ओळखायचा असेल तर विचारायचं असतं ते वेगळंच. या घरात हिला ‘नाही’ म्हणता येतं का? आणि म्हटलंच, तर त्याची वसुली किती दिवस चालते?

समजा, ठाण्यात राहणारं एक जोडपं आहे, दोघंही नोकरी करणारी. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला स्टेशनवर घ्यायला यायचा, मैत्रिणींना हेवा वाटायचा. मग ‘कितीची लोकल पकडलीस’ हे रोजचं झालं, काळजीपोटीच. मग फोनचं लोकेशन चालू ठेवायचं ठरलं. हल्ली बरेच जण ठेवतात. एकदा ऑफिसातल्या सेंड-ऑफमुळे तिला उशीर झाला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. पुढच्या सेंड-ऑफला ती गेलीच नाही. तिच्या पगाराच्या खात्याला त्याचा मोबाइल नंबर जोडला गेला, कारण ‘तुला त्या ओटीपीमधलं काही कळत नाही’. आता पाचशे रुपये काढले की संध्याकाळी सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो. आईचा फोन ती स्पीकरवर घेते. तसं कुणी बजावलेलं नाही, पण नाही घेतला तर ‘काय म्हणत होत्या?’ याचं उत्तर दोनदा द्यावं लागतं आणि दोन्ही उत्तरं जुळावी लागतात. रात्री लिफ्टचं दार वाजलं की ती टीव्हीचा आवाज कमी करते, आणि सहा वर्षांची मुलगी कुणी न सांगता खेळणी उचलायला लागते. यातली कुठली घटना घेऊन तिने पोलीस ठाण्यात जावं? चार दिवस बोलला नाही म्हणून? तिथला हवालदारच काय, तिची सख्खी बहीणही म्हणेल, अगं, आमच्याकडे तर महिना महिना अबोला असतो.

मारहाणीशिवाय माणूस इतका वाकतो कसा, हा प्रश्न नवा नाही आणि तो आधी विचारला गेला बायकांबद्दल नव्हे. कोरियन युद्धात पकडल्या गेलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या सैनिकांनी खोटे कबुलीजबाब दिले, तेव्हा अमेरिकेत हलकल्लोळ झाला. शिकलेसवरलेले, प्रशिक्षण घेतलेले धडधाकट पुरुष असं कसं करतील? नक्कीच अमानुष यातना दिल्या असतील, नाहीतर काही जादुई औषध पाजलं असेल, असा लोकांचा समज. अल्बर्ट बिडरमन या समाजशास्त्रज्ञाने सुटून आलेल्या सैनिकांच्या हकिकती तपासून १९५७मध्ये जे मांडलं, त्यात जादू नव्हती. माणसाला एकटं पाडायचं. त्याचं सगळं लक्ष आपल्या मर्जीवर खिळवून ठेवायचं. थकवायचं, धमकवायचं, पाणउतारा करायचा. क्षुल्लक नियम काटेकोर पाळायला लावायचे. सगळं आपल्याच हातात आहे हे दाखवत राहायचं आणि मधूनच एखादी मेहेरबानी करायची. मारझोड त्यासाठी गरजेची नव्हती, फारशी उपयोगाचीही नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९७३मध्ये छळावर अहवाल काढला, त्यात ही यादी घेतली, आणि पुढे छळ सोसलेल्या बायकांसोबत काम करणाऱ्यांना ती वाचताना आपल्याकडे येणाऱ्यांच्या कहाण्या दिसू लागल्या. लढाऊ विमानात बसणारा माणूस या पद्धतीपुढे टिकत नसेल, तर ‘एवढी शिकलेली, कमावती, तरी कशी सहन करत राहिली?’ या आपल्या आवडत्या प्रश्नाला काय अर्थ उरतो?

यावर चटकन येणारं उत्तर मला मान्य आहे. ठाण्यातला तो नवरा काही कैद्यांच्या छावणीचा अधिकारी नाही. त्याने बसून योजना आखलेली नाही. बहुतेकदा त्याला खरोखरच वाटत असतं की आपण काळजी घेतो, आपल्याला फसवलं जाण्याची भीती आहे, आपले वडीलही असेच होते. शिक्षा ठोठवायची असेल तर हेतू तपासायलाच हवा. पण ओळखायचं असेल तर हेतूपाशी अडून चालत नाही. ती बाई वर्षानुवर्षं नेमकं तेच करत बसलेली असते: त्याच्या मनात वाईट नाही ना, याचा शोध. त्याच्या मनात काय आहे हे शोधता शोधता आपल्या मनात काय आहे हे ती विसरते. आपण बाहेरूनही तिला तेच काम देतो. ‘तो स्वभावाने तसा आहे, पण मनाने चांगला आहे’ हे वाक्य किती घरांत, किती वेळा बोललं गेलं असेल?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. चार भांडी एकत्र आली की आवाज होणारच. प्रत्येक संसारात रुसवे-फुगवे असतात, शब्दाला शब्द वाढतो, आणि त्या सगळ्याला छळ म्हटलं तर खऱ्या छळाची किंमतच उरत नाही. शंभर टक्के खरं. सोशल मीडियावरची निदानं वाचून मलाही वैताग येतो. तिथल्या याद्या लावल्या तर माझे आजी-आजोबा, शेजारपाजारचे सगळे आणि मी स्वतः, कुणीच सुटणार नाही. पण म्हणूनच मोजमाप बदलायला हवं. एखाद्या घरात दोघंही तावातावाने भांडतात, ताटं आपटतात, आणि दुसऱ्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे माहेरी जाते, तो कुरकुरत का होईना स्टेशनवर सोडतो. दुसऱ्या घरात वर्षभर आवाज चढलेला नाही, कारण आवाज चढवायची वेळच येत नाही. माहेरी जायचा विषय काढणं तिने तीन वर्षांपूर्वी सोडलंय. घटना मोजणारा माणूस पहिल्या घराला लाल शेरा देईल आणि दुसऱ्याला आदर्श संसार म्हणेल. आपण खरंच असं करतो. ‘कधी भांडणाचा आवाज आला नाही हो त्यांच्याकडून’ हे शेजारी किती कौतुकाने सांगतात!

आपली न्यायालयं या बाबतीत चर्चेतल्या लोकांपेक्षा पुढे आहेत, हे सांगितलं की अनेकांना नवल वाटतं. समर घोष विरुद्ध जया घोष या २००७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची काही उदाहरणं दिली. नुसता थंडपणा किंवा प्रेमाचा अभाव म्हणजे क्रूरता नव्हे, असं त्यात आहे; पण सततचा तुसडेपणा, बेपर्वाई आणि उपेक्षा एका टोकाला गेली की संसार असह्य होतो, असंही आहे. आणि वैवाहिक आयुष्य सबंध बघावं, वर्षानुवर्षांतल्या दोन-चार सुट्या प्रसंगांवरून ठरवू नये, असंही बजावलंय. आता गंमत बघा: या प्रकरणात दाद मागणारा नवरा होता. पतिपत्नी दोघंही आयएएस अधिकारी. म्हणजे ‘पुरुषांचं काय?’ हा जो तिसरा आक्षेप दर वेळी येतो, त्याचं उत्तर कायद्याच्या इतिहासातच आहे. पुरुषांचाही मानसिक छळ होतो, आणि तो ओळखायची कसोटी तीच आहे.

मराठी वाचकाने तर दास्ताने खटला माहीत करून घ्यायला हवा. १९५६मध्ये पुण्यात झालेलं लग्न, १९६२मध्ये नवऱ्याने वेगळं होण्यासाठी पुण्याच्या न्यायालयात केलेला अर्ज, आणि १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल. पत्नीने मंगळसूत्र तोडणं, नवरा कचेरीतून यायच्या वेळेला दार लावून घेणं, रात्री दिवा लावून त्याच्या उशाशी बसून बोलत राहणं, तान्ह्या मुलीच्या जिभेला तिखट चोळणं, असे प्रसंग निकालात आहेत. हे वागणं क्रूरता ठरतं, असं न्यायालयाने मान्य केलं. तरीही नवरा हरला. कारण एवढं सगळं झाल्यावरही तो तिच्यासोबत पती म्हणून नांदत राहिला, त्यांना आणखी एक मूल होणार होतं. म्हणजे त्याने ते वागणं माफ केलं, असं कायद्याने धरलं. निकाल चुकला असं मी म्हणत नाही. कायद्यात तशी तरतूद होती आणि आजही आहे. पण ‘एवढा त्रास होता तर राहिलास कशाला?’ हा प्रश्न इथे एका पुरुषाला विचारला गेला आणि त्याला तो भोवला. हा प्रश्न बायकांना विचारणं थांबवा असं सांगितलं की ज्यांना राग येतो, त्यांनी पुरुषांसाठी तरी तो थांबवावा. हे मान्य करायलाच हवं की घरातल्या घरात संरक्षण मागायचा जो दिवाणी मार्ग २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला दिला, तो पुरुषाला नाही, आणि ती उणीव आहे. मात्र लग्नानंतर घर कुणाचं असतं, कोण कुणाच्या गावी जातं, मूल झाल्यावर कुणाची नोकरी सुटते, याची बेरीज केली की कोंडी कुणाची जास्त होते हे वेगळं सांगायला नको.

लोक राहतात त्यामागे बिडरमनच्या यादीतलं मेहेरबानीचं ते कलम असतं. सगळे दिवस वाईट असते तर निघणं सोपं होतं. चार दिवसांच्या अबोल्यानंतर तो एके सकाळी स्वतः चहा करतो, रविवारी सगळ्यांना मिसळ खायला नेतो, मुलीला खांद्यावर घेतो, आणि तिला वाटतं, हाच खरा तो. मधला कुणीतरी वेगळा होता. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१मध्येच लिहून ठेवलंय की सत्ता एकाच्या हातात असेल आणि वाईट वागणूक व प्रेम आळीपाळीने मिळत असेल, तर बंध सैल पडत नाही, उलट घट्ट होतो. म्हणून ‘अजून प्रेम आहे’ हा छळ नसल्याचा पुरावा नव्हे.

गैरवापराचा मुद्दा टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ४९८अमध्ये (जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) खोटी नावं गोवली जातात, लांबची नणंद आणि ऐंशी वर्षांची आजेसासू आरोपी होतात, हे न्यायालयांनीच नोंदवलंय, आणि २०१४च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला लगाम घातला तो योग्यच होता. पण हा सगळा वाद फौजदारी कलमाभोवती फिरतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात अटकेसाठी नाहीच. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक आणि लैंगिक छळासोबत शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाची व्याख्या आहे: हेटाळणी, मानखंडना, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणं, पैसे अडवणं, स्त्रीधन परस्पर विकणं. तिथे मागायचं असतं ते संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा. घटस्फोट मागावा लागत नाही. तुरुंगाची पाळी येते ती मुख्यतः न्यायालयाचा संरक्षणाचा आदेश मोडला तर. ज्यांना गैरवापराची खरी चिंता आहे त्यांनी या कायद्याचा हिरिरीने प्रचार करायला हवा होता. केला का?

आणि ‘घरातलं भांडण घरात राहू द्या’ हा युक्तिवाद तर आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८८७मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं, अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लावलं गेलं त्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. नवऱ्याने, दादाजींनी, त्यांना मारलं होतं का? प्रश्नच नव्हता, त्या त्यांच्याकडे कधी नांदल्याच नव्हत्या. रखमाबाईंच्या शरीरावर एकही वळ नव्हता, आणि तरी अख्खं शहर, टिळकांसारखा नेता, देशातली आणि विलायतेतली वर्तमानपत्रं त्या प्रकरणावर तुटून पडली, कारण वाद एकाच गोष्टीचा होता: बाईच्या ‘नाही’ला काही मोल आहे का? पुढे दोन हजार रुपयांत तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या. आपण आजही ‘मारलं का?’ विचारतो, म्हणजे त्या खटल्यात जो मुद्दा स्पष्ट होता तो आपण मधल्या काळात गमावला.

हे गमावणं आकडेवारीतही दिसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित बायकांपैकी १४ टक्क्यांनी नवऱ्याकडून भावनिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यासाठी विचारलेले प्रश्न तीन: चारचौघांत अपमान केला का, तुम्हाला किंवा जवळच्यांना इजा करायची धमकी दिली का, तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटेल असं बोलला का. मैत्रिणींना भेटू देत नाही, माहेरच्यांशी संबंध कमी करतो, कुठे आहेस हे सतत विचारतो, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही, हे प्रश्नही त्याच सर्वेक्षणात आहेत. पण ‘नियंत्रण’ म्हणून वेगळ्या तक्त्यात. हिंसेच्या बेरजेत ते धरले जात नाहीत. ठाण्यातली ती बाई तिन्ही प्रश्नांना प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून मोकळी होईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५पासून जवळच्या नात्यातलं वारंवार किंवा सततचं नियंत्रण हाच गुन्हा आहे, स्त्री-पुरुष असा भेद न करता, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. तिथे रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला हे बघतात. मला आपल्याकडे आणखी एक फौजदारी कलम हवंय असं नाही, असलेल्याच कलमांनी तुरुंग भरलेत. पण असला छळ सिद्धच करता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिथले खटले कसे चालतात ते बघावं.

सावरण्याच्या बाबतीतही आपण घटनाच शोधतो: ती घराबाहेर पडली, सुटली. सुटत नाही. छळाने जे नेमकं मोडलेलं असतं ते म्हणजे स्वतःच्या निर्णयावरचा भरवसा, आणि तो उंबरा ओलांडल्याने परत येत नाही. माहेरी आल्यावरही ती भाजीवाल्यापुढे पाच मिनिटं उभी राहते, कारण भेंडी घ्यावी की गवार, हे कुणाला विचारावं ते कळत नाही. फोन वाजला की पोटात गोळा येतो. त्याची आठवण येते, आणि ती येते याची लाज वाटते. अशा वेळी घरचे प्रेमाने काय करतात? बाबा म्हणतात, बँकेचं मी बघतो, तू आता कसलाही विचार करू नकोस. भाऊ म्हणतो, त्याचा फोन उचललास तर माझ्याशी संबंध संपला. म्हणजे पुन्हा दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर नजर ठेवणं आलंच. तिला हवं असतं ते उलट: बँकेत ती स्वतः जाईल, नंबर स्वतः बदलेल, चूक करेल, एखादवेळी त्याच्याशी बोलेलही, आणि तरी संध्याकाळी कुणी जाब विचारणार नाही. अनेक जणी परत जातात आणि पुन्हा बाहेर येतात. परत गेली तर दार बंद करणारं माहेर तिला दुसऱ्यांदा बाहेर येऊ देत नाही.

जी अजून त्या घरात आहे तिच्यासाठी उपाय साधे आहेत, पण सावधपणे करायचे. काय झालं ते तारखेनिशी लिहून ठेवणं, नवऱ्याच्या हाती न लागणाऱ्या जागी. ‘असं मी म्हणालोच नव्हतो’ हे शंभर वेळा ऐकलेल्या माणसाला स्वतःच्या अक्षरात ते वाचायला मिळणं ही मोठी गोष्ट असते, आणि पुढे ते कोर्टातही कामी येतं. तुटलेली एक तरी मैत्रीण परत जोडणं. एखाद्या छोट्या गोष्टीला ‘नाही’ म्हणून बघणं आणि काय होतं ते न्याहाळणं. धमक्या किंवा मारहाण असेल तर मात्र हे प्रयोग नकोत. निघण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो, तेव्हा घोषणा न करता आधार कार्ड, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या विश्वासातल्या माणसाकडे पोचवाव्यात. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आता अनेक जिल्ह्यांत आहे. तिथे गेलं म्हणजे गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं नसतं. आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणाऱ्यांना एक विनंती: त्या खोलीत ती जे बोलेल त्याची वसुली घरी होणार असेल, तर ती तिथे खरं बोलणार नाही. आधी तिला एकटीला भेटा.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे २००६चे नियम काढून बघा. त्यांच्या मागे घरगुती हिंसाचाराच्या अहवालाचा नमुना जोडलेला आहे. शाब्दिक आणि भावनिक छळाच्या खाली त्यात घराबाहेर जाऊ न देणं आहे, विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणं आहे. आर्थिक छळाखाली पगार काढून घेणं, तो वापरू न देणं आहे. ज्याला मोजमाप नाही असं आपण म्हणतो, त्याच्या ओळी सरकारने केव्हाच छापून ठेवल्यात, समोर खूण करायची फक्त. ती करून घ्यायला या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी लागतो. ते जिल्हा आणि तालुका पातळीवर नेमा, असं मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं. तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, आणि त्याच्याकडे दुसरी किती कामं आहेत? टीव्हीवरच्या चर्चेत हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.